ओला रुमाल

आमच्या शेजारच्या प्रौढांच्या शिवणवर्गात एक काका हजेरी बघायचे. बिड्या वळून बायांच्या अंगठ्यांवरच्या रेषा झिजलेल्या, आणि हजेरीच्या यंत्राने अंगठा ओळखला नाही तर अनुदान अडणार. म्हणून ते दारातच ओला रुमाल घेऊन बसत. "पुस ना वो बाई, काऊन घाबरून राहिली?" अंगठा लागला की यंत्र बाईच्या आवाजात "धन्यवाद" म्हणे. सगळ्या हसत.

शेवटी हजेरी कमीच भरली, वर्ग बंद झाला. पण शून्य हजेरीचाही अहवाल रोज वर पाठवावा लागतो, म्हणून ते एकटे येतात. काल संध्याकाळी मी डोकावलो. रुमाल ओलाच होता. अहवाल पाठवायला त्यांनी स्वतःचा अंगठा यंत्रावर टेकवला.

"धन्यवाद."

"आज दिवसभरात तूच बोलली वो बाई," ते यंत्राला म्हणाले.