पोरीचं पाणी

माझी थोरली मुलगी दोन महिन्यांची असताना तिचे ओठ आणि नखं निळसर दिसू लागली. साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही घणसोलीत राहत होतो. गावाभोवती सगळी भातशेती, तिच्यापलीकडे मिठागरं आणि खाडी. मला दूध कमी येत होतं, म्हणून दुधाच्या पावडरीचा डबा आणला होता. परसातल्या विहिरीचं पाणी मी खळखळून उकळायची आणि त्यात पावडर कालवायची. एवढं करूनही पोर निळी पडत होती. रडायचीसुद्धा नाही, नुसती पडून असायची.

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला शिरेतून औषध दिलं. हळूहळू ओठांना रंग आला, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "पाणी कुठलं देता?"

"घरच्या विहिरीचं. उकळून देते."

"उकळून जंतू मरतात. पाण्यात नायट्रेट असेल तर ते जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं. खतातून, शेणामुतातून उतरतं ते. मोठ्यांना काही होत नाही, तान्ह्या बाळाला मात्र बाधतं. ते पाणी आधी बंद करा."

घरी येऊन हे सांगितलं, तशी सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी त्या वर्षी पहिल्यांदाच शेतात गोणीतलं पांढरं खत टाकलं होतं.

"मी तवाच बोलले, या खताचा काय खरा नाय."

 सासऱ्यांना जेवायला वाढलं, तर ते अर्ध्या ताटावरून उठले.

आमचे हे तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला होते. तिथल्या प्रयोगशाळेतले एक गृहस्थ पाणी तपासून द्यायला तयार झाले. यांनी औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन घेतल्या. एकीत भातखाचरातलं पाणी, एकीत गावतळ्यातलं, एकीत आमच्या विहिरीचं आणि एकीत महाप्याच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या विहिरीचं. सासूबाईंनी जुन्या लुगड्याचे काठ फाडून बाटल्यांना वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधल्या, म्हणजे अदलाबदल व्हायला नको.

चार-पाच दिवसांनी हे घरी आले ते ओट्यावरच बसले.

"खाचरात आणि तळ्यात फारसं काही नाही. डोंगराकडची विहीर चांगली आहे. आपल्या विहिरीत मात्र खूप आहे."

"म्हंजे खत नाय?" सासऱ्यांनी विचारलं.

"साचलेल्या चिखलात खताचा नत्र टिकत नाही म्हणाले, बराचसा हवेत निघून जातो. शिवाय आपल्या शेताचा उतार खाडीकडे. विहिरीच्या वरच्या अंगाला काय आहे ते बघा, म्हणाले."

वरच्या अंगाला गोठा होता आणि त्याला लागून उकिरडा. लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंनी रोज सकाळी शेण काढून तो भरला होता. त्यांच्या वालाच्या वेलांना त्याचंच खत जायचं. त्या उठून आत गेल्या. मी मागोमाग गेले, तर चुलीपाशी तोंडाला पदर लावून बसलेल्या.

"मीच पाजला व्हय गं पोरीला?"

"आय, पाणी मी ओढलं, मीच उकळलं. कुणाला ठाऊक होतं?"

त्यांनी माझा हात धरून ठेवला. बाहेरून सासऱ्यांची हाक आली, "चल, घमेला घे. उकिरडा खालच्या अंगाला नेऊ." टोमणा मारायची संधी होती, त्यांनी मारला नाही. दोघं अंधार पडेपर्यंत शेणखत वाहत राहिली. मी पोरीला मांडीवर घेऊन दारात बसले होते. मध्येच सासरे हसून काहीतरी बोलले आणि सासूबाईंनी त्यांना शेणाच्या हातानेच ढकललं.

पोरीचं पाणी मग डोंगराकडच्या विहिरीचं येऊ लागलं. लांबचा रस्ता, तरी सासूबाई तो हंडा दुसऱ्या कुणाला आणू द्यायच्या नाहीत. पोर बाळसं धरू लागली, हातपाय झाडून भूक सांगू लागली. पावसाळ्यानंतर आमच्या विहिरीचं पाणी पुन्हा तपासलं. नायट्रेट कमी झालं होतं, गेलं नव्हतं. ते पाणी आम्ही धुण्याभांड्यालाच ठेवलं.

पुढच्या लावणीला सासऱ्यांनी विचारलं, "खत टाकू का गं?"

"टाका," सासूबाई म्हणाल्या, "पन बेतानं."

मुलगी शाळेत जायला लागली, तरी सासूबाई तिला जवळ बोलवायच्या, तिची नखं उजेडाकडे धरून बघायच्या आणि मगच सोडायच्या.