जाधवबाईंचा हात

फोटो काढताना जाधवबाई समोरच्याला कधी ‘हसा’ म्हणाल्या नाहीत. कॅमेरा डोळ्याला लावायच्या, मान जरा तिरकी करायच्या आणि एकदम विचारायच्या, “काय, यंदा आंबा कसा?” रत्नागिरीत हा प्रश्न ऐकून ज्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. ज्याची दोनच कलमं आहेत तोही कपाळाला हात लावतो. ज्याचं एकही नाही तो शेजाऱ्याच्या बागेचं सांगू लागतो. “कसला आंबा न् काय! मोहोर आला तसा गेला सगळा,” म्हणत समोरची म्हातारी हात झटकायची, आणि तेवढ्यात बाई बटण दाबून मोकळ्या झालेल्या असायच्या. “हसा म्हटलं की माणूस नुसते दात दाखवतो,” त्या म्हणायच्या. “त्याला तक्रार करू दे. तक्रार करताना माणूस आपल्या घरातल्यासारखा दिसतो.”

माझं बाजारपेठेत कॅमेऱ्याचं दुकान आहे. ओळखपत्राचे फोटो, प्रिंट काढून देणं, आणि नव्या-जुन्या कॅमेऱ्यांची, लेन्सची विक्री. मी मुळात कमी बोलणारा. गिऱ्हाईक बोलतं, मी मान हलवतो. धंद्याला ते बरं पडतं. जाधवबाईंबद्दलही मी आजवर कुणाशी बोललो नाही. बायकोशीसुद्धा नाही. आता लिहितोय, तर सगळंच लिहितो.

पहिल्यांदा त्या आल्या त्या भर मे महिन्यात, हातातली छत्री काठीसारखी टेकत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. जयगडच्या वाटेवरच्या एका गावात त्यांची बौद्धवाडी. म्हाताऱ्या आईबरोबर तिथेच राहायच्या.

“दुकानदार, मला कॅमेरा घ्यायचाय,” त्या म्हणाल्या. “आजवर हातात धरलेला नाही. आता शिकणार.”

मी नेहमीचा प्रश्न विचारला. “कितीपर्यंतचा बघू?”

“निवृत्त मास्तरणीला परवडेल तेवढा. तुम्ही आधी मला काय काय लागणार नाही ते सांगा. म्हणजे लवकर उरकेल.”

मला हसू आलं. नव्यानं फोटो काढू लागणारी पोरं माझ्याकडे येतात ती व्हिडिओ बघून, वस्तूंची नावं पाठ करून. अमुक बॉडी, तमुक लेन्स. काय काढायचंय विचारलं की गप्प. बाईंना एकाही वस्तूचं नाव माहीत नव्हतं, पण काय काढायचंय ते पक्कं ठाऊक होतं.

“आमच्या वाडीत कुणी गेलं की भिंतीवर लावायला फोटो नसतो,” त्या सांगू लागल्या. “मग ओळखपत्रावरचा एवढुसा मोठा करून आणतात. आयुष्यभर राबलेली बाई, आणि भिंतीवर कशी, तर चोरी करताना पकडल्यासारखी! म्हणून म्हटलं, आहेत तोवर एकेकाचा नीट फोटो काढून ठेवावा.”

“मोबाइलवर काढतात की आता सगळे.”

“मोबाइलमधला फोटो मोबाइलबरोबर जातो. माझ्या पुतण्यानं फोन विहिरीत पाडला, त्याच्याबरोबर वाडीतल्या तीन म्हाताऱ्या गेल्या.” हे त्यांनी न हसता सांगितलं. मग म्हणाल्या, “माझी आई सगळ्यांत थोरली. ती आता खाटेवरून उठत नाही. तिचा तर काढायचाच आहे. घर आमचं काळोखाचं. आतल्या खोलीत एक खिडकी, तीही फणसानं झाकलेली. तर मला सांगा, काळोख्या घरात म्हातारी माणसं, एवढ्यासाठी काय लागेल?”

याहून नेमका प्रश्न माझ्या दुकानात कुणी विचारला नव्हता. आणि त्याचं उत्तर माझ्या गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं होतं: पन्नास एमएमची छोटी लेन्स, कुणीतरी वापरून विकलेली. प्लास्टिकची, हलकी, सगळ्यांत स्वस्त. तिच्यात झूम नसतो. माणूस जवळ हवा असेल तर आपणच जवळ जायचं. पण तिचं तोंड मोठं उघडतं, थोड्या उजेडातही ती चेहरा धरते.

कॅमेरा मी त्यांना चांगला दिला. “नव्याच्या मागे लागू नका, जुना पण सांभाळलेला घ्या, राहिलेले पैसे लेन्सला ठेवा,” हे मी सांगितलं आणि ते खरं होतं. मग मात्र माझी नजर वरच्या कपाटाकडे गेली. तिथे एक लांब झूम लेन्स खूप दिवस पडून होती. कोकणात लेन्सचा वैरी पावसाळा. दमट हवा काचेच्या आत शिरते आणि कोळिष्टकासारखी बारीक बुरशी धरते. त्या झूमनं माझ्याकडे बरेच पावसाळे काढले होते. आणखी एक काढला असता तर तिला कुणी हात लावला नसता.

“ही बघा,” मी म्हणालो. “लांबून काढता येतं. म्हातारी माणसं कॅमेरा जवळ आला की बुजतात.”

खोटं त्यात काहीच नव्हतं. म्हातारी माणसं बुजतातच. मी फक्त काळोखाचं काही बोललो नाही.

“तुम्ही म्हणाल ती,” बाई म्हणाल्या. “डॉक्टरकडे गेल्यावर मी गोळीचं नाव विचारत बसत नाही.” निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, “तांदळाच्या डब्यात ठेवली तर सर्दावणार नाही ना?” आमच्याकडे अजून पुष्कळ लोक कॅमेरा तांदळात पुरून ठेवतात आणि कोंड्यानं वाट लावून माझ्याकडे आणतात. मी नको म्हटलं. औषधाच्या बाटल्यांतून, बुटांच्या खोक्यांतून ओल शोषणाऱ्या पुड्या निघतात त्या डब्यात घालून ठेवा, असं सांगितलं. पुढच्या खेपेला कळलं की सगळी वाडी बाईंसाठी त्या पुड्या गोळा करत होती. मुंबईहून येणारे चाकरमानीही खिशातून काढून द्यायचे. बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुड्यांनी भरला होता, लेन्सला जेमतेम जागा उरली होती.

प्रिंट काढायला बाई येऊ लागल्या आणि मी थक्क झालो. अंगणात, पडवीच्या पायरीवर, ओट्यावर बसलेली माणसं. प्रत्येक चेहऱ्यावर आंब्याची तक्रार. एका आजीचा फोटो दाखवताना तिचं आणि आपलं बोलणंही बाईंनी करून दाखवलं. आजी म्हणाली, “माजा फोटो कशाला गो? मेल्यावर लावायला?” बाई म्हणाल्या, “होय, मेल्यावरच लावायला. म्हणून नीट बस.” त्यावर आजी जी हसली ते हसू फोटोत होतं.

पण प्रत्येक खेपेला शेवटी एक पाकीट वेगळं निघायचं. त्यात आईचे फोटो. आतल्या खोलीत, खाटेवर. सगळे हललेले. कधी डोळ्याच्या जागी दोन रेघा, कधी चेहऱ्यावरून कुणी ओला हात फिरवल्यासारखा.

“माझाच हात हलतो,” बाई म्हणाल्या. “बाहेर नाही हलत, आत गेलं की हलतो. आईसमोर अजून भीती वाटते की काय कोण जाणे!”

मला कारण दिसत होतं. लांब झूमला काळोखात उजेड पुरत नाही. कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो, आणि तेवढ्यात म्हाताऱ्या माणसाचा श्वाससुद्धा फोटो पुसायला पुरतो. ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता. तो उघडला असता तर ‘मग तेव्हा का नाही दिलीत?’ हा प्रश्न आला असता.

मी म्हणालो, “सराव करा.”

हे दोन शब्द मला अजून ऐकू येतात.

बाईंनी सराव केला. मास्तरीण ती. काठोकाठ पाण्यानं भरलेला तांब्या हातात सरळ धरून, पाढे म्हणत, सकाळ-संध्याकाळ. जूनच्या अखेरीस आल्या तेव्हा माझ्यासमोरचा पाण्याचा ग्लास उचलून त्यांनी हात लांब केला. “बघा, एकोणतीसचा पाढा म्हणते.” पूर्ण म्हटला. पाण्यावर तरंग उठला नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आता निघेल ना फोटो?”

“निघेल,” मी म्हणालो. त्या क्षणी सांगता आलं असतं. अगदी सोपं होतं. पण मी पाणी पिऊन टाकलं.

श्रावणात त्यांची आई गेली.

दोन दिवसांनी बाई दुकानात आल्या. छत्रीचं पाणी दाराबाहेर निथळू दिलं, पदरानं हात पुसले, कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. “पुण्यानुमोदनाला लावायचाय. यातला सगळ्यात कमी हललेला कुठला ते तुम्ही बघा. मला कळेनासं झालंय.”

मी एकेक फोटो उघडून बघत राहिलो. किती वेळा प्रयत्न केला होता त्यांनी! एक निवडला आणि संगणकावर रेघा धारदार केल्या. चेहरा दुकानातल्या बाहुलीसारखा गुळगुळीत झाला. बाई वाकून बघत होत्या.

“नको,” त्या म्हणाल्या. “हिची हनुवटी अशी नव्हती. तो पुसटच राहू दे. निदान आई तरी आहे.”

मी तोच मोठा करून, चौकट लावून दिला. पुण्यानुमोदनाला गेलो. पांढऱ्या कपड्यातली माणसं, मेणबत्त्या, वंदना, आणि मधोमध तो फोटो. वाडीतल्या कुणीतरी मागे कुजबुजत म्हटलं, “सगळ्यांचे कसे छान काढले बाईंनी. नेमका आईचाच बिघडला.” बाईंनी ते ऐकलं. त्यांनी आपला उजवा हात डाव्या हातानं धरला आणि मांडीवर दाबून ठेवला.

त्यानंतर त्यांनी कॅमेरा उचलला नाही. दिवाळी होऊन गेली तरी आल्या नाहीत. वाडीतला एक रिक्षावाला दुकानावरून जायचा, त्याला विचारलं. म्हणाला, “बाई म्हणतात, माझ्या हाताचा भरवसा नाही, दुसऱ्याच्या म्हाताऱ्यांचे कशाला बिघडवू?”

दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमधली लेन्स खिशात घालून मी स्कूटरवर त्यांच्याकडे गेलो. वाटेत ठरवलं होतं, नवीन आलीय, वापरून बघा, एवढंच म्हणायचं. बाईंनी कॅमेरा आणला, धूळ पुसली, मी लेन्स चढवून दिली. आतल्या खोलीत त्यांची शेजारीण सुपात तांदूळ निवडत बसली होती. बाई म्हणाल्या, “यंदा आंबा कसा?” पण आवाजात नेहमीचा खट्याळपणा नव्हता. शेजारीण म्हणाली, “अजून मोहोर न्हाई नि आंबा कुठला, काय तरीच तुझा!” आणि बटणाचा आवाज झाला.

फोटो स्वच्छ निघाला. भुवयांचे केस मोजावेत असा.

बाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग स्वतःच्या हाताकडे. शेजारीण सूप उचलून बाहेर गेली.

“बाई,” मी म्हणालो, “तुमचा हात कधीच हलत नव्हता. मी दिलेली लेन्स त्या कामाची नव्हती. मला माहीत होतं. ही तेव्हाही माझ्या ड्रॉवरमध्ये होती. त्या लेन्सला पावसात बुरशी धरली असती, म्हणून मी ती तुमच्या गळ्यात मारली.”

फणसाच्या पानांतून उजेडाचे दोन ठिपके खाटेवर पडले होते. खाटेवर आता गोधड्यांची चवड होती.

“तुम्ही मला सराव करायला सांगितलंत,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मी केला.”

“हो.”

त्या उठल्या. पत्र्याच्या डब्यातून झूम काढून माझ्या हातात ठेवली. “ही न्या परत. धरू दे बुरशी तुमच्याच दुकानात.” मला वाटलं, आता दार दाखवतील. पण त्या खाटेकडे बोट करून वर्गात बोलावं तशा म्हणाल्या, “बस तिथे.”

मी बसलो. मला कुठे बघावं कळेना. बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि चालत अगदी जवळ आल्या, त्या लेन्सला यावं लागतं तेवढ्या जवळ. आंब्याचं विचारलं नाही. काहीच विचारलं नाही. वाट बघत उभ्या राहिल्या. मी शेवटी मान वर केली, तेव्हा बटण दाबलं.

पुढे त्यांनी वाडीतले राहिलेले सगळे फोटो काढले, शेजारच्या गावांतूनही बोलावणी येतात असं ऐकतो. प्रिंट मात्र दुसरीकडून करून घेतात. माझ्याकडे पुन्हा आल्या नाहीत, आणि मीही गेलो नाही. माझा फोटो त्यांनी रिक्षावाल्याबरोबर पाठवला, सोबत शब्द नाही. तो मी गल्ल्यामागे लावला आहे, गिऱ्हाइकाला कपाट दाखवायला वळलो की समोर येईल असा. त्याच्याकडे एकदा बघतो आणि मग समोरच्या नव्या पोराला आधी विचारतो, काय काढायचंय आणि तिथे उजेड किती.

कधीतरी एखादा त्या फोटोपाशी थांबतो. माणूस कोण ते विचारत नाही, कुठल्या लेन्सनं काढला तेवढं विचारतो. मी सांगतो, पन्नासची, सगळ्यात स्वस्त. काळोख्या खोलीतला आहे, हातात धरून काढलेला. पोरगा नाक लावून निरखतो आणि म्हणतो, “कमाल आहे, कुठेच हललेला नाही.”