अर्ध्या गोळीचा फोन

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर सरळ "आधी बीपी तपासून घ्या" असं सुनावत आलेय. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण दीड वर्ष झालं, डोक्यातून जात नाही…

मी धुळ्यात एका खासगी हॉस्पिटलमध्ये ट्रायल कोऑर्डिनेटर आहे. मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असलेल्यांसाठी एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात फॉर्म भरा, उरलेल्या गोळ्या मोजा, आणि व्हिजिटच्या आदल्या दिवशी एकेकाला फोन करून "उद्या उपाशीपोटी या हो" म्हणून विनवा. घसा बसतो, आणि न येणारे ते येत नाहीतच.

शिरपूरजवळच्या खेड्यातले नाना मात्र दर वेळी यायचे, अक्का, म्हणजे त्यांची बायको, सोबत. मोजणीत एक गोळी इकडची तिकडे नाही. आमचा आदर्श पेशंट.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी त्यांना फोन लावला. लगेच उचलला. मी बोलायच्या आत त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "ताई, एक चूक व्हयनी. मी अर्धी गोळी खास, अर्धी तिले देस. तिले बी साखर शे ना. आते ती आख्खी खास, वर तिनी दवाखानानी गोळी बी. तिले घाम येस, चक्कर येस. बंद कराले सांगा."

अर्धी स्वतःला, अर्धी बायकोला – हे आमच्याकडे नवीन नाही. चांगलं औषध एकट्याने कसं खायचं, म्हणून घरात प्रसादासारखं वाटतात. पण मी वैतागलेली होते. "नाना, वर्षभराची मेहनत पाण्यात घातलीत," वगैरे बरंच बोलले.

फोन झाल्यावर डोकं ठिकाणावर आलं. आमची आख्खी गोळी, वर स्वतःची नेहमीची, घाम, चक्कर – साखर खाली जात असणार. फॉर्मवर मुलाचा नंबर होता, त्याला लावला.

"आईला लगेच दवाखान्यात न्या," मी म्हणाले. "आत्ताच नानांनी सांगितलं."

तो म्हणाला, "मॅडम, नाना शुक्रवारी गेले. झोपेतच. दहावा झाला की कळवणार होतो. त्यांचा फोन बंद करून मीच कपाटात ठेवलाय."

तरी तो आत गेला. अक्का घामाने भिजून भिंतीशी बसलेल्या, हाकेला धड ओ नाही. चार दिवस अन्न नाही, आणि नानांच्या गोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून घेत होत्या. शिरपूरच्या दवाखान्यात सलाइन लावलं, थोडक्यात वाचल्या.

माझ्या मोबाईलमध्ये तो कॉल दिसतो. नानांचाच नंबर, तीन मिनिटं. आमचे डॉक्टर म्हणाले, क्रॉस कनेक्शन असेल. असेल बाबा… पण अर्ध्या गोळीचं मुलालासुद्धा माहीत नव्हतं.

दहाव्यानंतर अक्का उरलेल्या गोळ्या परत द्यायला आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "त्यास्नीच सांगं तुमले. दुसरा कोणले माहीत?" मग पदर सारखा करत विचारलं, "आखो काही बोलनात का ते? माले सांगाले?"

आणखी बोलणार होते ते. "ताई, आखो एक… तिले सांगा…" इथपर्यंत आले होते. माझे अजून चौदा फोन बाकी होते. "उद्या आलात की बोलू," म्हणून मी कट केला.

अक्कांना मी सांगितलं, "तब्येतीला जपा म्हणाले." त्या मान हलवून गेल्या. फोन कोणी उचलला, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. दहा सेकंद थांबले असते, तर त्या बाईशी खोटं बोलावं लागलं नसतं, एवढंच कळतं.