पहिलं कोण, खांदा का डोकं

मंठा भागातल्या निम्म्याहून अधिक जिल्हा परिषद शाळांच्या भिंती राजानंदच्या हातच्या आहेत. बाराखडी, पाढे, जिल्ह्याचा नकाशा. दुकानांच्या पाट्या फ्लेक्सने कधीच नेल्या, पण शाळांच्या भिंती अजून ब्रशच मागतात. त्यामुळे चव्वेचाळिसाव्या वर्षीही त्याचं बरं चाललं होतं. दिवसभर उजवा हात डोक्याच्या वर. संध्याकाळी घरी येईपर्यंत खांदा असा आखडायचा, की बाम चोळताना त्याची बायको भावना म्हणायची, "हे मांस हाय का लाकूड?"

खांद्याचं त्याला काही वाटत नव्हतं. पेंटरचा खांदा दुखणारच. खरी भानगड डोक्याची होती. महिन्यातून पाच-सहा वेळा उजवं कानशील ठणकायचं, उजेड सोसवायचा नाही, उलटी झाली की मग जरा उतार पडायचा. त्याची आई याला अर्धशिशी म्हणायची. पित्त असेल म्हणून त्याने चहा सोडला. ऊन असेल म्हणून टोपी घेतली. मग चष्मा केला. चष्म्याने अक्षरं स्वच्छ दिसायला लागली, डोकं होतं तिथंच राहिलं.

गेल्या डिसेंबरात एका शाळेत तो 'क'ची बाराखडी लिहीत होता. दुपारी नजरेच्या कडेला काहीतरी चमचमायला लागलं. वेल्डिंगकडे बघितल्यावर दिसतं तसं, वाकडंतिकडं. डोळे चोळून तो पुढं लिहीत गेला. थोड्या वेळाने मुख्याध्यापिका तृप्ती मॅडम बाहेर आल्या.

"राजानंदभाऊ, 'कु' आणि 'कू' राहिले की."

"न्हाई मॅडम, बराबर लिवलंय."

तो स्टुलावरून उतरून बघायला लागला. मॅडमकडे वळला, तर त्यांचा अर्धा चेहराच त्याला दिसेना. एक डोळा, अर्धं कपाळ आणि पुढं नुसती चमचम. तो घाबरून ओट्यावर खाली बसला. अर्ध्या तासात चमचम गेली, चेहरा पुरा दिसायला लागला. मग भिंतीकडे बघितलं, तर 'की' आणि 'के' यांच्यामध्ये दोन कोरे चौकोन. आपण तिथं ब्रश टेकवला होता हे त्याला शपथेवर सांगता आलं असतं. आणि तेवढ्यात कानशील ठणकायला लागलं.

जालन्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे निरोगी ठरवले. कुणीतरी सुचवलं म्हणून तो सूरज नावाच्या फिजिओथेरपीवाल्या पोराकडे गेला. सूरजने मानेच्या मुळाशी, खांद्याच्या वर, अंगठ्याने एक जागा दाबली आणि कळ थेट कानशिलात गेली. राजानंदला एकदम सगळं उलगडल्यासारखं झालं. म्हणजे खांदाच चोर. घरी येऊन त्याने भावनाला तसं सांगितलंसुद्धा.

तरी डोकं थांबेना, म्हणून पंधरा दिवसांनी तो मेंदूच्या डॉक्टरांकडे गेला आणि त्यांनी ते पुन्हा गुंतवून ठेवलं. म्हणाले, "ही अर्धशिशीच, म्हणजे मायग्रेन. चमचम तिचीच. आणि पुष्कळदा दुखणं सुरू व्हायच्या आधी मान-खांदा आखडतो, तो त्या झटक्याचाच भाग असतो."

"मंग खांद्यामुळं डोकं दुखून राह्यलं, का डोक्यामुळं खांदा?"

"दोन्ही होऊ शकतं. आखडलेला खांदा झटक्याला निमित्त देतो, आणि झटका खांदा आखडवतो. पहिलं कोण, ते दर वेळी सांगता येत नाही. वहीत लिहीत जा."

त्याने वही केली. काम, झोप, जेवण, खांदा, डोकं, सगळं सुवाच्य अक्षरात. दोन महिन्यांनी भावना आणि तो वही उघडून बसले. एका दिवशी आठ तास छताखालची पट्टी रंगवली, डोकं शांत. पुढच्या रविवारी दिवसभर घरी लोळला, आणि झटका. एकदा जेवण चुकलं त्या दिवशी आला, एकदा जेवण चुकलं तरी आला नाही.

"ह्याच्यातून काय समजायचं?" भावनाने विचारलं.

"मला काय ठावं," तो म्हणाला.

तरी त्याने सांगितलेलं सगळं केलं. स्टूल जाऊन पायऱ्यांची उंच घोडी आली, म्हणजे हात छातीच्या पातळीवर राहील. तासाला ब्रश ठेवून मान-खांद्याचे व्यायाम. रोजची गोळी, वेळेवर जेवण. झटके महिन्याला दोनावर आले. सूरज म्हणाला, व्यायामाचा गुण. डॉक्टर म्हणाले, गोळीचा. भावनाला वाटलं, माणूस वेळेवर जेवायला लागला त्याचा.

परवा अंकुशनगरजवळच्या शाळेत सकाळीच त्याचा खांदा ताठला. काम नुकतंच सुरू झालं होतं, थकायचं कारण नव्हतं. हा नुसता खांदा, का मागून डोकं येऊन राह्यलंय? तो घोडीवर तसाच उभा राहिला. मग उतरला, झटक्यासाठी दिलेली गोळी घेतली आणि रिकाम्या वर्गात खिडकी लावून आडवा झाला. तासाभराने उठला. डोकं दुखलं नव्हतं.

गोळीने थांबलं, का यायचंच नव्हतं? वही काढून त्याने तारीख लिहिली, खांद्यापुढं 'ताठ' लिहिलं. डोक्याच्या रकान्यात काय लिहावं ते त्याला बराच वेळ सुचेना. शेवटी रकाना कोराच सोडून तो भिंतीकडे गेला.