नाकमुरड्यांची सफर

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते आता पोस्टमनलाही आठवत नसावं. कपबशांच्या कारखान्यात उभी हयात चेकर म्हणून काढली, तिथंच कुणीतरी ‘नाकमुरडे’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. काम असं, की भट्टीतून आलेला कप उचलायचा, दिव्यासमोर धरायचा, लाकडी काडीनं हलकेच वाजवायचा. टण्ण वाजला तर पास. थड्ड वाजला तर बाजूच्या पिंपात. पिंपात टाकताना त्यांचं नाक असं वर जायचं, की कपात मेलेलं झुरळ सापडलंय असं बघणाऱ्याला वाटावं. बरं, कारखान्यात ठीक आहे, पगारच त्याचा होता. पण हा माणूस संध्याकाळी नाक कारखान्यात ठेवून घरी यायचा का? छे! नाक बरोबरच यायचं.

बायकोनं चहा दिला, की आधी कपाच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. मग वास घ्यायचा. मग नुसतं “हं.” त्या “हं”नं त्या माउलीचे केस पांढरे झाले. भाजी पातळ, भात चिकट, टॉवेलला ओला वास, उशीत गाठी. जावई जेवताना मचमच आवाज करतो म्हणून त्याला सगळ्यांचं झाल्यावर वाढा, असं एकदा त्याच्या तोंडावर म्हणाले. लेक तेव्हापासून फोनवरच बोलते, तेही आईशी. आता अशा माणसाला काय म्हणायचं? शेजारी म्हणायचे, या गृहस्थाला सरणावर ठेवला तरी लाकडं ओली आहेत म्हणून उठून बसेल.

रिटायर झाले तेव्हा कारखान्यातल्या सोबत्यांनी वर्गणी काढून त्यांना डिस्क गोल्फच्या, उथळ ताटलीसारख्या चकत्या दिल्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि कारखान्याच्या मैदानात तो खेळ होताच. खेळ सोपा. लांबवर एक खांब, खांबाला साखळ्यांचा झुबका, खाली टोपली. हातातली चकती फेकायची, जिथं पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. नाकमुरड्यांनी चकत्यांच्या कडा चाचपून “घासकाम रद्दी आहे” असा शेरा सगळ्यांच्या देखत मारला, पण खेळ मात्र त्यांना आवडला. हातातली वस्तू लांब भिरकावून देण्यात त्यांची हयात गेली होती.

या खेळात एक रीत आहे. चकतीच्या पाठीवर खेळणारा आपला फोन नंबर लिहितो. हरवली, कुणाला सापडली, तर तो फोन करतो. नाकमुरड्यांच्या चकत्यांवर बायकोनं स्वतःचा नंबर घातला. “अनोळखी माणसाचा फोन आला की तुम्ही त्याच्या अंगावर जाता,” ती म्हणाली. “बिचारा वस्तू परत द्यायला बोलेल आणि शिव्या खाईल.”

आता ते दिवसभर घरात. आधी बाईला सकाळ-संध्याकाळ सोसायचं होतं, आता चोवीस तास. एका सकाळी तिनं गरम गरम जेवण वाढलं आणि यांनी ताट एका बोटानं पुढं सरकवलं. ती समोर बसली, हात पदराला पुसले आणि शांतपणे म्हणाली, “अहो, आठ दिवस कुठंतरी जाऊन या. गाडी आहे, तुमचा खेळ आहे. परत यायचं असेल तर माणूस म्हणून या. चेकर म्हणून यायचं असेल तर येऊ नका. मी पण तेवढ्यात बघते, मला तुम्ही हवे आहात का.”

नाकमुरड्यांना मिरच्या झोंबल्या. “जातोच! बाहेर निदान चार घास धड मिळतील,” म्हणाले. स्वतःची चादर, स्वतःचा साबण, स्वतःचा चमचा, चकत्यांची पिशवी, असं सगळं जुन्या गाडीत टाकून एकटेच निघाले. ती दारात आली नाही.

पहिला मुक्काम एका कातडी कमावणाऱ्यांच्या गावात पडला. वेशीवरच असा भपका आला, की त्यांनी गाडीच्या काचा वर केल्या, तर आत स्वतःच्या मोज्यांचा वास. लॉजवाल्यानं खोली दाखवली. बेसिनमध्ये कुणाचा तरी केस, तोही कुरळा. नळ सोडला तर आधी खोकला, मग गंज, मग पाणी. “शी शी शी!” करत यांनी चादरीवर चादर घातली आणि जेवायला बाहेर पडले. त्या गावाचा काळा पाव म्हणे नावाजलेला, लांबून लोक येतात. खानावळीत शेजारच्या बाकावर गावातला न्हावी बसला होता. त्यानं कौतुकानं विचारलं, “कसा वाटला आमचा पाव?” नाकमुरडे म्हणाले, “पायपुसणं भिजवून भाजलं तर असंच लागेल.” न्हाव्याचा घास तोंडातच राहिला.

पाण्याच्या टाकीमागं या खेळाचं मैदान होतं. त्याला मैदान म्हणायचं तर उकिरड्याला बाग म्हणावं लागेल. पायाखाली लेंड्या, झुडपांना प्लास्टिकच्या पिशव्या लटकलेल्या, आणि टोपलीत कुणीतरी चक्क थुंकून ठेवलेलं. नाकमुरड्यांनी रुमाल नाकाला लावला आणि दुसऱ्या हातानं चकती फेकली. ती गेली भिंतीपलीकडं. वारा वाईट, खांब वाकडा, मैदान उतरतं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

संध्याकाळी बायकोचा फोन. “तुमची पिवळी चकती न्हाव्याच्या दुकानात आहे. घेऊन जा.” मग जरा थांबून, “पायपुसणं म्हणालात? अहो, तो सांगताना हसत होता, पण मला इथं घरात बसून लाज वाटली.” तिच्या आवाजात अजून थोडं हसू होतं. नाकमुरड्यांना वाटलं, चला, राग उतरतोय.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठचं गाव. तिथं धुरात सुकवलेल्या माशांचं कौतुक. काठावर खवले, आतडी, माश्यांचे थवे. पाय ठेवावा तिथं चिकचिक. एक म्हातारी बाई टपरीवजा खोलीत चूल मांडून बसली होती. सगळं गाव तिला आजी म्हणायचं. तिनं थरथरत्या हातांनी ताट वाढलं आणि यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. समोर दहाबारा गिऱ्हाइकं. नाकमुरड्यांनी मासा चमच्यानं उलटा केला, वास घेतला आणि मोठ्यानं विचारलं, “आजी, हा वारला कधी?”

बाकावरचे हसले. आजी हसली नाही. तिनं ताट उचललं आणि आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

जनाची नाही तर मनाची तरी! पण हे तसेच उठून खेळायला गेले. दुसरीच फेक तळ्याच्या लव्हाळ्यात. काढायला म्हणून पाय घातला तर गुडघ्यापर्यंत काळा, गार, कुजका चिखल, आणि पोटरीला काहीतरी बुळबुळीत चाटून गेलं. चकती तिथंच सोडून ते लॉजवर आले आणि साबणाची वडी अर्धी होईपर्यंत पाय घासत बसले.

फोन वाजला. या वेळी आवाजात हसू नव्हतं.

“त्या आजींच्या मुलाला सापडली. होडी चालवतो तो. दुपारपासून त्या जेवल्या नाहीत म्हणे. चाळीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं त्यांना. मी माफी मागितली. मुलाची मागितली, मग त्यांना फोन द्यायला लावून त्यांची मागितली. त्या बाई उलट मलाच म्हणाल्या, तू रडू नकोस.”

“पण मासा खरंच...” नाकमुरडे म्हणाले.

“मासा चांगला होता का?”

मासा चांगला होता. खमंग, खरपूस, काटे काढलेला. नाक वर जायची सवय झाली होती, म्हणून ते वर गेलं होतं, बाकी काही नाही. तिनं फोन ठेवला.

त्या रात्री त्यांना पहिल्यांदा स्वतःची किळस आली. अंगाला चिखलाचा वास येत होता म्हणून नव्हे. तो तर केव्हाच गेला होता. सकाळी उठून आजीकडं जावं असं मनात आलं. गेलेही टपरीच्या कोपऱ्यापर्यंत. आजी चूल फुंकत होती. पाय पुढं पडेना. आयुष्यात कधी “चुकलो” म्हटलं नव्हतं, ते आता म्हणायचं कसं? पळपुट्यासारखे गाडीत येऊन बसले आणि निघाले.

पुढचे दोन दिवस फोन नाही. चकती हरवली नाही, मग फोन कशाला येईल? वाटेतल्या गावांत ते उतरले, खेळले, कुणाशी बोलले नाहीत. गाडीत बसून फोन हातात घ्यायचे, तिचा नंबर काढायचे, पुन्हा खिशात टाकायचे. अरे, लाव ना फोन! दोन शब्द बोलायचे तर जीभ झडणार आहे का? पण नाही. सरळ वाटेनं जाईल तर तो नाकमुरडे कसला.

डोंगरातल्या गावात त्यांना भोपळ्याचा रस्सा मिळाला. खानावळ कसली, एका नवरा-बायकोच्या घराची ओसरीच. टेबलावरचं मेणकापड चिकट, पंख्यावर जळमटं, आणि खानावळवाला घाम पुसायचा त्याच फडक्यानं बशी पुसत होता. नाकमुरड्यांनी ते पाहिलं, शहारले, आणि तरी भूक होती म्हणून चमचा तोंडात घातला. मग थांबले. मग आणखी एक चमचा. मग पाव बुडवून वाटी पुसून घेतली, आणि वाटी पुन्हा पुढं केली. तिखट, गोड, करपल्याचा किंचित वास. अगदी त्यांच्या बायकोच्या हातचा लागत होता. तिच्या हातच्या रश्शाला ते “भोपळा शेवटी भोपळाच” म्हणायचे.

तिथं त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. पलीकडच्या टेबलावर मैदानाचा माळी जेवत होता. नाकमुरड्यांनी घसा खाकरला आणि माळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “वा! असं जेवण मी आयुष्यात खाल्लं नाही.”

खानावळवाला घाबरला. “काही चुकलं का साहेब?”

“नाही, नाही. अप्रतिम. अगदी अप्रतिम.” म्हणताना त्यांचे गाल दुखले. “असं जेवण मी आयुष्यात खाल्लं नाही,” त्यांनी माळ्याकडं वळून पुन्हा सांगितलं. खानावळवाल्यानं बायकोला आतून बोलावलं, तिलाही ऐकवलं. ती लाजून आत पळाली. नाकमुरड्यांना तिचा चेहरा बघून गंमत वाटली. एवढ्याशा शब्दांनी माणसाचं असं होतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मग मैदानावर गेले आणि निळी चकती मुद्दाम, चांगला नेम धरून, माळ्याच्या खोपटाच्या दाराशी टाकून आले. आता माळ्याला सापडेल. तो फोन करेल. बोलका दिसतोय, सगळं सांगेल. तिला कळेल, नवरा सुधारला. मग ती फोन करेल आणि म्हणेल, या आता घरी. माफी मागायला नको, काही नको. केवढी अक्कल! ताकाला जाऊन भांडं लपवण्यात या माणसाचा हात कुणी धरला नसता.

फोन उशाशी घेऊन ते पडून राहिले. फोन आला नाही. सकाळी अंघोळ न करताच, स्वतःच्या घामाला नाक मुरडत, मैदानावर गेले. माळी खोपटाबाहेर दात घासत होता. निळी चकती जमिनीवर उलटी ठेवलेली, आणि एक खरजुलं कुत्रं तीत भिजवलेला पाव चपचप खात होतं.

“या साहेब!” माळी म्हणाला. “तुमचीच ना ही? कालच फोन केला होता मी. घरच्या बाई होत्या का? म्हणाल्या, तुम्हीच ठेवा. मी म्हटलं, अहो, साहेब इथंच आहेत, देतो की त्यांना. तर म्हणाल्या, नको, यापुढं या नंबरवर फोन करू नका.”

“आणखी काय बोललास?”

“आणखी चांगलंच बोललो! म्हटलं, बाई, तुमचे साहेब फार मोठ्या मनाचे. आमच्या खानावळवाल्याला सगळ्यांदेखत म्हणाले, असं जेवण आयुष्यात खाल्लं नाही. बाईंनी विचारलं, खरंच असं म्हणाले? म्हटलं, आईशप्पथ, दोनदा म्हणाले. त्याच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.”

“मग?”

माळ्यानं चूळ भरली, थुंकला, आणि आठवून आठवून, निरोप नीट पोचावा म्हणून एकेक शब्द सांगितला. “म्हणाल्या, त्यांना सांगा, इतकी वर्षं मला वाटायचं, या माणसाला चांगलं बोलताच येत नाही. जन्मतःच तसा आहे, त्याला तरी काय दोष द्यायचा, म्हणून राहिले. येतं की बोलायला.”

नाकमुरड्यांनी तिथंच उभ्या उभ्या घरी फोन लावला. तिनं उचलला नाही.