रेडिओनं न सांगितलेली बातमी

रेडिओ हे त्याचं खरं नाव नव्हतं, पण खऱ्या नावानं हाक मारली असती तर त्यानं मान वर केली असती की नाही, शंकाच आहे. सकाळी सलूनचं शटर वर गेलं की हा सुरू व्हायचा, तो शटर खाली येईपर्यंत. दुकान वडिलांनी थाटलेलं, दोघा भावांनी चालवलेलं. धाकट्याच्या खुर्चीत बसलेली गिऱ्हाइकंसुद्धा मान तिरकी करून थोरल्याचंच ऐकत, आणि धाकटा ती मान दोन बोटांनी पुन्हा सरळ करत राही.

रेडिओला सगळ्यांची दुखणी पाठ होती. कोणाचा गुडघा, कोणाचा दमा, कोणाच्या सासूचा मोतीबिंदू. बेकरीवाला एकदा छातीत जळजळ होतेय म्हणाला, तेव्हा यानं अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत त्याला दरडावलं होतं, "आधी दवाखाना, मग उरलेला गाल." बेकरीवाला खरंच गेला आणि वाचला. तेव्हापासून तो रेडिओकडूनच केस कापून घ्यायचा, कितीही वेळ थांबावं लागलं तरी.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काही उगाच नाही.

दुकानाच्या मागे एक अरुंद बोळ होता. तिथे बेसिन, टॉवेल वाळत घालायची दोरी आणि टोकाला संडास. रेडिओच्या तिकडे फेऱ्या वाढल्या. गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघत बसून राही. "काय रे, स्टेशन गेलं का?" असं कोणी ओरडलं की आतून आवाज यायचा, "जाहिराती चालू आहेत, ऐका तोवर!" सगळे हसायचे. धाकटाही हसायचा.

एके दिवशी दादा बाहेर आल्याबरोबर धाकटा आत गेला. टाकीत पाणी पुरतं भरलं नव्हतं, त्यामुळे सगळं वाहून गेलं नव्हतं. पांढऱ्या भांड्याला लाल ओघळ होते. वस्तऱ्याचं दुकान, रक्त दिसलं की पहिला विचार बोटाचाच येणार. धाकटा बाहेर आला आणि दादाच्या हातांकडे बघत राहिला. हात सफाईदार चालले होते. कुठे पट्टी नाही, ओरखडा नाही.

गिऱ्हाइकं गेल्यावर त्यानं विषय काढला.

"दादा, हात दाखव."

"का? भविष्य सांगतोस?"

"मागे रक्त होतं."

रेडिओ कंगवे धुत होता. नळ चालूच ठेवून तो म्हणाला, "मूळव्याध आहे रे. एवढं तोंड पाडायला काय झालं? बाबांनाही होतीच की. दिवसभर उभं राहायचं, पाणी प्यायला फुरसत नाही, जेवणाची वेळ नाही. दुसरं काय होणार?"

"दाखवलंस कोणाला?"

"काय दाखवू? पडद्यामागे जाऊन पँट उतरवू? अख्खी गल्ली माझ्या खुर्चीत बसते. उद्या कोणी तोंड उघडलं तर मी कुठे तोंड लपवू?" मग जरा हळू आवाजात, "मलम लावतोय. जाईल. आणि हे तुझ्या वहिनीला सांगितलंस तर बघ."

धाकट्यानं विषय तिथेच सोडला. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. मूळव्याध हा ओळखीचा शब्द होता. दुखण्याला नाव मिळालं की ते निम्मं बरं झाल्यासारखं वाटतं, आणि घरातलंच, बापाकडून आलेलं नाव असलं की त्याची भीतीही राहत नाही.

मलमाचं खरं काय ते पुष्कळ नंतर कळलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं पहिली ट्यूब दिली, दुसरी दिली, आणि पुढच्या खेपेला काउंटरवर हात ठेवून म्हणाला होता, "आता डॉक्टरांना दाखवा, मग देतो." रेडिओ हसून "हो हो" म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानात जाऊ लागला.

वहिनी एका कपड्यांच्या दुकानात उंची-कंबर कमीजास्त करून द्यायचं काम करायची. नवऱ्याची पँट ढिली झाली तेव्हा तिनं ती आत घेतली. काही महिन्यांनी पुन्हा घेतली. "बरं झालं, पोट उतरलं," ती दिराला कौतुकानं म्हणाली. "माझं ऐकून भात कमी केला." रेडिओनंही तेच मान्य केलं. त्याला जेवण जात नव्हतं, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब व्हायचे, जाऊन आल्यावरही साफ झाल्यासारखं वाटायचं नाही, हे त्यानं बायकोला सांगितलं नाही. जिभेला हाड नसलेला माणूस, पण या एका गोष्टीला त्यानं कुलूप घातलं होतं.

दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये तो बाकावर टेकू लागला. गोष्टी अर्ध्यावर सोडू लागला. गल्ली म्हणाली, रेडिओचं वय झालं. वय कसलं? पन्नाशी नुकतीच उलटली होती.

त्या दुपारी खुर्चीत शाळेतून निवृत्त झालेले मास्तर होते. गळ्याखालचा भाग उरला होता. रेडिओचा हात मध्येच थांबला. त्यानं वस्तरा मिटला, तो फळीवर नीट ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, जरा थांबा हं." मग खुर्चीचा हात धरून तो खाली घसरला. धाकट्यानं धावत जाऊन धरलं तेव्हा त्याचे ओठ भिंतीसारखे पांढरे पडले होते. मास्तर गळ्यातलं कापड तसंच घेऊन रस्त्यावर रिक्षा थांबवायला धावले.

दवाखान्यात अंगात रक्त फार कमी निघालं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सावकाश बोलणाऱ्या.

"रक्त कुठून जातंय का? लघवीतून, संडासातून?"

रेडिओ छताकडे बघत राहिला. कामावरून धावत आलेली वहिनी म्हणाली, "छे हो, तसं काही नाही." तेव्हा धाकट्याला बोलावंच लागलं.

"जातंय. बरेच महिने."

वहिनीनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग दिराकडे. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्हा दोघांना माहीत होतं. मी काय परकी होते?"

रक्त चढवलं, पोट साफ करायचं औषध दिलं, दुर्बिणीनं आतून तपासलं. मग डॉक्टरीणबाईंनी भावाला आणि बायकोला खोलीत बोलावलं.

"मूळव्याध त्यांना आहे," त्या म्हणाल्या. "ते खोटं नव्हतं. पण तिच्या वर, आतड्यात गाठ आहे. कॅन्सरची. रक्त मुख्यतः तिथून जात होतं. आणि ती आता यकृतापर्यंत पोहोचली आहे."

धाकट्याला पुढचं काही वेळ ऐकू आलं नाही. खोलीत पंखा होता, टेबलावर कागद दाबायला ठेवलेला गुळगुळीत दगड होता, त्याच्याकडे तो बघत होता. मग त्यानं विचारलं, "आम्ही आधी आलो असतो तर?"

त्यांनी समोरची फाइल मिटली. "आधी कळलं असतं तर आमच्या हातात पुष्कळ काही असतं. खोटं सांगणार नाही. पण तुम्ही एकटेच नाही. रक्त दिसलं की लोक मूळव्याध म्हणतात, आणि बहुतेकदा ती असतेही, नाहीतर संडासाच्या जागी चीर असते. भीती वाटावी असं त्यात काही नसतं. पण बाहेरून पाहून ते कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. म्हणून एकदा दाखवायचं. रक्त लाल असो, काळपट असो, किंवा संडासच डांबरासारखा काळा होऊ दे. पोटाची सवय बदलली, वजन उतरलं, थकवा आला, तर मग वाटच बघायची नाही. आणि खूप रक्त गेलं, चक्कर आली, तर त्याच क्षणी निघायचं."

वहिनी मान हलवत होती, जणू हे सगळं तिला आता उपयोगी पडणार होतं.

"त्यांचे वडील कशानं गेले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पोटाच्या दुखण्यानं," धाकटा म्हणाला. आणि बोलता बोलताच त्याला बाबा आठवले. शेवटी शेवटी अंथरुणाला खिळलेले, हाडांचा सापळा झालेले. मूळव्याधीनं पोखरलं, असंच घरात सगळे म्हणायचे. कोणी तपासलं नव्हतं. कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

"मग तुम्हीही तपासून घ्या."

"मला काही त्रास नाही."

"त्यांनाही आधी काही नव्हता," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. गाठीनं वाट अडवली होती, म्हणून आतड्याचं तोंड पोटावर काढलं आणि तिथे पिशवी लावली. जो माणूस पडद्यामागे जायला लाजत होता, त्याला आता रोज बायकोच्या मदतीनं ती पिशवी बदलावी लागायची. पहिले काही दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. वहिनी कोमट पाण्यानं पुसून घ्यायची, एक शब्द न बोलता. एकदा त्यानंच म्हटलं, "घाण वाटत असेल तुला."

"घाण नाही वाटत," ती म्हणाली. "राग येतो."

"मग बोल ना काहीतरी."

"काय बोलू? बोलायचं खातं तुमच्याकडे होतं."

तो हसला आणि टाक्यांना ओढ बसली म्हणून कळवळला. धाकटा दारात उभा होता. नवराबायकोला त्याची चाहूल लागली नव्हती. तो तसाच परत फिरला.

केमोच्या औषधांच्या फेऱ्या सुरू झाल्या. दोन फेऱ्यांच्या मधल्या बऱ्या दिवसांत रेडिओ सैल शर्ट घालून दुकानात यायचा आणि थांबलेल्या गिऱ्हाइकांमध्ये बाकावर बसायचा. वस्तरा धरायची ताकद नव्हती, पण आवाज थोडा परतला होता. आणि एके दिवशी दुकान भरलेलं असताना तो म्हणाला, "ऐका रे. संडासातून रक्त कोणाकोणाला गेलंय?"

कात्री थांबली. कोणी खाकरलं, कोणी वर्तमानपत्र उलटंच वाचायला घेतलं.

"लाजू नका. मी लाजलो, आता पोटावर पिशवी घेऊन फिरतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी मूठ उघडली तर आत हे निघालं. ज्याला जातंय त्यानं डॉक्टरकडे जायचं. माझ्याकडे नाही, औषधवाल्याकडे नाही. डॉक्टरकडे."

कात्री पुन्हा चालू झाली. पण गर्दी ओसरल्यावर बेकरीवाला मागे रेंगाळला आणि त्याच्याशी हळू आवाजात बराच वेळ बोलत बसला.

धाकटा मात्र तपासणीला जात नव्हता. दुकान एकट्यावर आलंय, दादाची औषधं आहेत, पुढच्या आठवड्यात बघू. खरं कारण भीती. रेडिओनं ते ओळखलं. त्यानं स्वतःच वेळ ठरवली, आणि स्वतःला उभं राहवत नव्हतं तरी भावाबरोबर गेला. आत जाताना धाकट्याला म्हणाला, "घाबरू नकोस. मला काही कळलंसुद्धा नाही, झोप लागली होती. आणि इथे तुला ओळखतंय कोण?"

एक मोड सापडला. पॉलिप म्हणतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आतड्याच्या आतल्या बाजूला आलेला लहानसा मांसाचा मोड. तिथल्या तिथे काढून टाकला. तपासणीत तो कॅन्सरचा निघाला नाही. पण राहू दिला असता तर पुढे काय झालं असतं, ते सांगायची गरज नव्हती. ठरल्या वेळी पुन्हा येत जा, एवढंच बजावलं.

रेडिओ दवाखान्यातच बाहेर बाकावर बसून होता. धाकट्यानं सांगितलं तेव्हा त्यानं भावाच्या मानेवर हात ठेवला, गिऱ्हाइकाची मान वळवताना ठेवायचा तसा. "सुटलास," तो म्हणाला. मग तोंड वळवून खिडकीबाहेर बघत राहिला. खांदे हलत होते. भावासाठी आनंद की स्वतःसाठी दुःख, धाकट्यानं विचारलं नाही. बहुधा दोन्ही एकाच वेळी आलं होतं.

त्यानंतर रेडिओ फार दिवस राहिला नाही. पाय सुजले, डोळे पिवळे झाले, बोलणं एकेका शब्दावर आलं. एका सकाळी त्यानं हनुवटीवरून हात फिरवून खूण केली. धाकट्यानं तिथेच पाणी गरम केलं, फेस केला आणि उशीला टेकवून त्याची दाढी केली. गाल इतके आत गेले होते की कातडी दोन बोटांनी ताणावी लागत होती. सवयीनं धाकटा गप्प होता. रेडिओनं डोळे न उघडताच म्हटलं, "बोल की." धाकट्यानं वस्तरा पुसला. मग तो गल्लीतल्या एकेकाचं सांगू लागला. कोणाचा गुडघा, कोणाचा दमा. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की दादाला झोप लागली आहे. आवाज न थांबवता त्यानं उरलेला गाल पुरा केला.

दोन दिवसांनी, भर दुपारी, वहिनीच्या मांडीवर डोकं असताना रेडिओ गेला.

माणसं येऊन गेली. घर रिकामं झालं. वहिनी कामावर जाऊ लागली, धाकट्यानं दुकान उघडलं. वहिनी त्याच्याशी बोलायची, पण जेवढ्यास तेवढं. तो रोज दुकानातून परतताना तिच्या घरी डोकावायचा आणि ती चहा ठेवायची. दोघं समोरासमोर बसून प्यायचे.

अशाच एका संध्याकाळी ती म्हणाली, "ते नाही बोलले. ते तसेच होते. तू तरी सांगायचंस रे."

धाकट्यानं मान खाली घातली. ती कप उचलून धुवायला गेली. नळ बंद करून, पाठमोरीच, तिनं विचारलं, "तुझी पुढची तपासणी कधी आहे?"

"अजून वेळ आहे."

"मला आठवण करून दे. मी येते बरोबर," ती म्हणाली. "एकटा गेलास तर पुन्हा काहीतरी लपवशील."