खंडेनवमीला गळलेलं पेट्रोल

आमची गाडी घरातच असायची. रस्त्याकडची खोली आधी दुकानाला दिलेली होती. दुकानदार सोडून गेल्यावर मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिथं गाडी ठेवायला सुरुवात केली. पेट्रोलवर चालणारी जुनी चारचाकी होती. आधी ते दुसऱ्यांचे ट्रक चालवायचे. कंबर धरल्यावर ट्रक सोडला आणि ही गाडी घेऊन भाड्यानं माणसं नेऊ लागले. साताऱ्याहून पुणं, कराड, सांगली, म्हणाल तिथं.

नगरपालिकेनं दर खेपेला जुन्या डांबरावरच नवं डांबर टाकलं. रस्ता वर गेला आणि आमचं घर खाली राहिलं. गाडी आत घेताना घराकडं तोंड करून घसरत यायची. बाहेर काढताना उलटी चढवायची, इंजिन नुसतं बोंबलायचं. दहा माणसं लागली तरी ढकलून निघाली नसती. हे आधीच सांगून टाकते, कारण ही गोष्ट सांगितली की प्रत्येक जण विचारतो, गाडी ढकलून बाहेर का नाही काढली.

गाडीच्या तोंडासमोर मधल्या खोलीचं दार. त्या खोलीत सासूबाईंची खाट. त्यांचं खुब्याचं हाड मोडलेलं होतं, सगळं अंथरुणातच. खाटेच्या पायथ्याशी देव. त्याच्या मागं स्वयंपाकघर, मग न्हाणी, मग भिंत. मागचं दार नाही. बाहेर जायचं तर गाडीला अंग घासूनच जावं लागायचं.

साल पंच्याण्णव-शहाण्णव असेल. नवरात्र संपत आलं होतं. देवाजवळ घट बसलेला आणि त्याच्याशेजारी अखंड दिवा. घट उठेपर्यंत हा दिवा विझू द्यायचा नसतो. सासूबाई झोपेतसुद्धा एक डोळा दिव्यावर ठेवायच्या. तेल घालायचं काम माझं आणि चुका काढायचं त्यांचं.

दसऱ्याच्या सकाळी सांगलीचं भाडं ठरलं होतं. एक नवराबायको लेकीच्या सासरी पहिल्या दसऱ्याला जाणार होते, संध्याकाळी त्यांना परतही आणायचं होतं. गाडी चढाला धक्के देत होती. पेट्रोलचा फिल्टर तुंबलाय असं मालकांचं म्हणणं. नवा फिल्टर आणून ठेवला होता, पण आज बसवू उद्या बसवू करत खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सोनं वाटेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. आमच्या घरात हे फार कडक होतं.

त्यामुळं सकाळी एकच घाई. मालक बॉनेटखाली आणि सासूबाई आतून ओरडतायत की पूजेची वेळ टळली. फिल्टर म्हणजे छोटी प्लास्टिकची डबी. दोन्ही अंगांना तोंड असतं, त्यावर रबरी नळी चढवायची आणि नळीवरून पत्र्याची क्लिप आवळायची. एका क्लिपचे आटे गेले होते. स्क्रू नुसता फिरत होता. मालकांनी ती क्लिप फेकली आणि नळीवर तार गुंडाळून पक्कडीनं पिळली. मी विचारलं, राहील का. म्हणाले, आख्खा ट्रक तारेवर चालवलाय मी.

मग गाडी धुतली, हार घातला. समोर पाट मांडून त्यावर पक्कड, पान्हे, स्क्रू ड्रायव्हर आणि माझी विळीसुद्धा ठेवली. हळदकुंकू झालं, झेंडू वाहिला, उदबत्त्या लावल्या. चाकांखाली लिंबं ठेवली आणि मालकांनी गाडी वीतभर पुढं घेतली. लिंबं फुटली. इंजिन त्यांनी तसंच चालू ठेवलं आणि त्याचा आवाज ऐकत बसले. खूश होते.

मला वास आला. खाली वाकून बघितलं तर फरशी ओली. धुतल्याचं पाणी असेल म्हणून बोट लावलं. बोट गार पडलं आणि लगेच कोरडं झालं. पाणी असं उडत नाही. वर बघितलं तर इंजिनाखालून थेंब पडत होते आणि पाट हातभर लांब. उदबत्त्या तिथंच जळत होत्या.

मी उदबत्त्या मुठीत धरून तांब्यातल्या पाण्यात बुडवल्या आणि मालकांना गाडी बंद करायला सांगितली. इंजिन बंद झाल्यावर थेंब कमी झाले, थांबले नाहीत. फरशीला उतार घराकडं होता. पेट्रोलची ओली रेघ मधल्या खोलीच्या उंबऱ्याकडं निघाली होती. मी तिच्यावर पोतं टाकलं. न्हाणीतला बंब पेटलेला होता, त्याच्या जाळावर बादली ओतली. गॅस सिलिंडरवरच बंद केला. विजेच्या बटणांना कुणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. सगळा विस्तव विझला, फक्त देवाजवळचा राहिला.

तोवर मालकांनी धुण्याच्या साबणाचा तुकडा आणून तारेभोवती लिंपला. टाकीला भोक पडलं की ट्रकवाले साबण लावतात. थेंब थांबला. माझ्याकडं असं बघितलं की जणू मी उगीच घर डोक्यावर घेतलं. खात्री करायला त्यांनी गाडी चालू केली तर साबण निसटून पडला आणि थेंबाची धार झाली. घाबरून बंद केली. मी म्हटलं, ती पक्कड घ्या आणि नीट करा. त्यांनी पाटाकडं बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागं नेले.

ट्रकवर असताना एकदा त्यांनी नवमीला पान्हा उचलला होता आणि जॅक सरकून बोटाचं पेर गेलं होतं. ते बोट त्यांनी मला दाखवलं. मी ते लग्नापासून बघतेय. म्हटलं, बोट गेलं तेव्हा, आता घर जाईल. तर म्हणाले, कुणाची तरी पूजा न झालेली पक्कड मागून आणतो. गल्लीभर फिरले. सगळ्यांच्या पकडी फुलांत. ज्यांच्याकडं एकच स्क्रू ड्रायव्हर होता त्यांनी त्याचीही पूजा केलेली. गल्लीच्या टोकाला एक बौद्ध कुटुंब होतं, ते हत्यारं पूजत नसत, पण ते दसऱ्यासाठी नागपूरला गेलेले. दाराला कुलूप. मालक रिकामे परत आले. रिकामे म्हणजे, कुणीतरी दिलेला खोबऱ्याचा प्रसाद हातात होता.

वास आता मधल्या खोलीत पोचला होता. मी सासूबाईंजवळ गेले.

"आत्याबाई, दिवा शांत करते. पेट्रोल गळतंय."

"दिव्याला हात लावून बघ."

"मग चार माणसं बोलावते, तुमाला खाटेसकट बाहीर काढते."

"घट सोडून मी हलणार न्हाई. जळलं तर जळू दे. लय जगले मी."

"तुमी जगलाय. मी न्हाई अजून."

मालक दारात उभे होते, आईपुढं त्यांचं तोंड कधीच उघडत नसे. मी म्हटलं, "दिवा न्हाई विझवायचा तर तुमच्या लेकाला हत्यार उचलायला सांगा. दोन्हीतलं एक मोडावं लागंल. कुठलं मोडायचं, तुमी सांगा."

सासूबाई आढ्याकडं बघत पडून राहिल्या. मला तिकडं दिव्याची ज्योत दिसत होती. ती जरा हलली की मी उंबऱ्याकडं बघायची. शेवटी त्यांनी लेकाला विचारलं, "हत्यारं कुणाची?"

"माझी, आये."

"हिनं कवा धरल्यात?"

"हिनं? हिला पान्हा कुठला आन् पक्कड कुठली त्ये कळत न्हाई."

"मग हिला उचलू दे. हत्याराला इसावा धन्याच्या हातापास्नं. ही कुठं धनी हाय?"

असा नियम मी आधी ऐकला नव्हता आणि नंतरही कुणाकडून ऐकला नाही. तो त्यांनी आढ्याकडं बघता बघता काढला असं माझं मत आहे. पण त्या घरात नियम त्यांचेच चालायचे. मालकांचा जीव भांड्यात पडला. माझा नाही. मी आयुष्यात सांडशीपलीकडं काही आवळलेलं नव्हतं.

मधल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि उंबऱ्याशी पाण्यात भिजवलेलं दुसरं पोतं दाबून बसवलं. रस्त्याकडची दारं उघडी टाकली. फुलं बाजूला करून पक्कड उचलली. हळदकुंकवानं ती हातातून निसटत होती. मालक बाजूला हात मागं बांधून उभे राहिले आणि सांगू लागले. तार डावीकडं फिरव. अगं, डावीकडं. मी तार अर्धी सोडवल्यावर त्यांना आठवलं की पक्कड बॅटरीला लागली तर ठिणगी उडेल. हे आधी सांगायचं असतं. मी पायातली रबरी चप्पल काढून बॅटरीवर ठेवली. आत्ताच पूजा झालेल्या गाडीत चप्पल बघून त्यांचं तोंड वाकडं झालं.

तार सुटली, नळी ओढली आणि पेट्रोल माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. हाताला विळीच्या चिरा होत्या, त्या झोंबल्या. मी नळीच्या तोंडावर अंगठा दाबून ओरडले की आता तुम्ही धरा. नळी हत्यारात मोडत नाही हे त्यांना पटलं, आणि त्यांनी ती धरली. तेव्हा बघितलं तर नळीचं टोक वाळून कडक झालेलं आणि उभं चिरलेलं. त्यावर कितीही तार आवळली असती तरी गळलंच असतं. टोक कापायला हवं होतं. विळी पाटावर, पण मला आता पाटावरचं काही उचलायला नको वाटत होतं. दाढीचं ब्लेड आणलं. ब्लेडची पूजा कुणी केली नव्हती. चिरलेला तुकडा कापून टाकला आणि उरलेली नळी फिल्टरच्या तोंडावर आणखी आत रेटली.

राहिली क्लिप. दुकानं बंद. मला गॅसची नळी आठवली. शेगडीच्या टोकाला तिच्यावर अशीच क्लिप होती. मालक म्हणाले, ती नको, मग गॅस गळेल. मी म्हटलं, गॅस बंद आहे आणि उद्यापर्यंत बंदच राहील. पाटावरचा स्क्रू ड्रायव्हर मात्र घ्यावाच लागला. त्यानं ती काढली आणि गाडीच्या नळीवर घालून आवळली. ते बास म्हणाले त्यापुढं आणखी एक फेरा दिला.

सांडलेलं फडक्यांनी पुसून फडकी आणि पेट्रोलचं पोतं रस्त्याच्या कडेला टाकलं. वास जाईपर्यंत दोघं उंबऱ्यावर बसलो. मग गाडी चालू करून बघायची वेळ आली. मालक गाडीत बसले आणि मी पाण्यात भिजवलेलं पोतं हातात घेऊन बॉनेट आणि मधल्या खोलीचं दार यांच्यामध्ये उभी राहिले. पेटलं तर आधी इंजिन पेटणार, मग दार, मग खाट. पोत्यानं काय विझणार होतं ते मला माहीत होतं. देवाचं नाव वगैरे काही आलं नाही तोंडात. मी नळीकडं बघत होते. इंजिन धडधडलं, नळी थरथरली. फिल्टरमध्ये पेट्रोल चढताना दिसलं. मी क्लिपखाली बोट फिरवलं. कोरडं. थांबून परत फिरवलं. कोरडंच.

सासूबाईंना चहा हवा होता. गॅस नाही म्हटल्यावर त्या रागावल्या.

दसऱ्याला सकाळी घट उठला, पण सोनं संध्याकाळी. तोवर मालकांना हत्यार चालत नव्हतं. वाटेत गळायला लागलं तर करणार कोण? म्हणून मला सांगलीला जावं लागलं. सासूबाईंजवळ शेजारीण बसवली. मी पुढच्या सीटवर, पायाशी पिशवीत पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर. मागं ते नवराबायको. कराडच्या अलीकडं बाईंनी विचारलं, वहिनींनी सांगलीत काय काम काढलं. मालक म्हणाले, पाहुण्यांकडं. मी म्हटलं, पेट्रोल गळतंय का बघायला आलेय. त्या गृहस्थांनी सिगारेटचं पाकीट काढलं होतं, ते परत खिशात गेलं.

इस्लामपूरच्या पुढं मला वास आला. गाडी थांबवली, बॉनेट उघडलं, नळी कोरडी. वास माझ्याच हाताला होता, रात्रभर गेला नव्हता. आष्ट्याजवळ त्या गृहस्थांनाच वास आला. परत थांबलो. तेव्हाही कोरडी. तिथून पुढं सगळ्यांनी खिडक्या उघड्या ठेवल्या. सांगलीत व्याही दारात वाट बघत उभे होते. उशीर का झाला याचं उत्तर त्या गृहस्थांनी दिलं, मालकांकडं न बघता.

संध्याकाळी व्याह्यांनी मालकांच्याही हातात आपट्याचं पान ठेवलं. मालकांनी ते खिशात घातलं, माझ्या पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बॉनेट उघडलं. मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी क्लिप आवळली. स्क्रू अर्धा फेरा फिरला.

"ढिला होता?" मी विचारलं.

"न्हाई. जरासा दाबून घेतला."

तो साताऱ्यापासून तसाच ढिला होता, का आपलाही हात लागावा म्हणून त्यांनी फिरवला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. परत येताना अंधार पडला होता. मागचे दोघं झोपले. मी झोपले नाही.